मुंग्यांची मर्जी

सात घरांसाठी आखलेल्या पांढऱ्या फक्कीच्या रेषांमध्ये आठवडा उलटला तरी एकसुद्धा खुंट रोवला गेला नव्हता, आणि अण्णाजी इखारांच्या मते त्याला एकही समर्थनीय कारण नव्हते. वरच्या वावराचा उतार तपासलेला होता. वारा कोणत्या बाजूने येतो, पाणी कोणत्या बाजूने जाईल, एकाच्या चुलीचा धूर दुसऱ्याच्या दारात कसा शिरणार नाही, हे सारे त्यांनी वर्ध्याच्या हायस्कुलात उभा जन्म विज्ञान शिकवलेल्या माणसाच्या काटेकोरपणाने ठरवले होते. विहीर मधोमध. सातही दारे पूर्वेला. बांबू येऊन पडले होते, छपराचे कवेलू रचून ठेवले होते. नव्हती ती फक्त माणसे. आणि ती माणसे आंजी गावाच्या दुसऱ्या टोकाला, धाकट्या भावाच्या खळ्यात, निवांत पळसाच्या पानांचे द्रोण लावत बसली होती.

मोहझरी धरणाच्या पाण्यात जाणार हे सगळ्यांना ठाऊक होते. धरणाची दारे याच पावसाळ्यात लागणार हे मात्र ब्याऐंशीच्या होळीनंतर कळले. तिथल्या सात गोंड कुटुंबांना मिळालेली सरकारी जागा म्हणजे एक खडकाळ टेकाड होते, आणि टेकाडावरच्या नव्या विहिरीत दगड टाकला तर तो खणकन वाजे. अण्णाजींनी स्वतः टाकून पाहिला होता. त्याच संध्याकाळी त्यांनी बैलबंड्या सांगितल्या, सातही कुटुंबांना आंजीत आणले आणि नत्थूजींच्या खळ्यात उतरवले. वरचे वावर दोघा भावांचे सामाईक होते. त्यातला तुकडा या लोकांना द्यायचा, हेही त्यांनी तेव्हाच ठरवून टाकले. नत्थूजींना त्यांनी विचारले नाही; सांगितले. गेली चाळीस वर्षे भावाशी बोलण्याची त्यांची हीच रीत होती.

"दादा, माह्या पोरीचं लगन हाय," नत्थूजी ओसरीवर बसून सुपारी कातरत म्हणाले. आवाज मुद्दाम शांत होता, आणि म्हणूनच अण्णाजींना तो जास्त टोचला. "पुढच्या आठवड्यात वऱ्हाड येऊन राह्यलं. मांडव कुठं टाकू? त्यायच्या चुलीवर?"

"दोन दिवसांत खळं मोकळं होईल."

"हे तुमी रामनवमीले बी म्हणलं होतं."

आतल्या दारापाशी कोकिळा, नत्थूजींची बायको, डोईवर पदर घेऊन माठातून पाणी काढत होती. भासऱ्यांशी, म्हणजे थोरल्या दिरांशी, तोंडाला तोंड देऊन बोलायचे नाही ही घरची रीत तिने लग्नापासून कसोशीने पाळली होती. त्यामुळे तिचे बोलणे मुळीच कमी झाले नव्हते. ते फक्त माठाला उद्देशून होत असे.

"माठा," ती म्हणाली, "उन्हाळा मोठा वाईट. शहाण्या माणसाच्या डोस्क्यात बी पाणी ऱ्हात नाई. पोरीचा बाप हाय, पोरीची माय हाय, पण खळ्याचा मालक सिंदी मेघ्यात राह्यते."

अण्णाजींबरोबर वर्ध्याजवळच्या सिंदी मेघ्याहून आलेली त्यांची पत्नी विमलाबाई तांदूळ निवडता निवडता हसली. अण्णाजींनी तिच्याकडे पाहिले तेव्हा ती गंभीर झाली, पण उशीर झाला होता.

"मी एक सांगून ठेवतो," नत्थूजींनी अडकित्ता खाली ठेवला. "ओमप्रकाशले ट्रॅक्टर सांगितला हाय. परवा सकाळी येइन. तवापर्यंत हे लोक तुमच्या फक्कीत गेले त ठीक. नाई गेले त बसवतो ट्रॅक्टरवर अन् नेऊन टाकतो त्यायच्या सरकारी टेकाडावर."

"तिथे पाणी नाही, नत्थू. तिथे एक पोरगी पोटुशी आहे, तिला तू..."

"पंचफुला माहीत हाय मले. माह्याच खळ्यात राह्यते." नत्थूजी उठले. "मले त्यायचा राग नाई, दादा. तुमचा हाय."

"अजी," विमलाबाई हळूच म्हणाली, "मी केळझरच्या गणपतीले नवस बोलून बसली हाय. होईल सगळं. तुमी जरा सोडून तर द्या."

"काय सोडू? सोडलं की घसरतं. त्याला गुरुत्वाकर्षण म्हणतात."

"माठा," आतून आवाज आला, "ऐकलं का? हे नवीन देव."

*

खळ्यात पुनाजी मडावी बाभळीच्या सावलीत बसला होता. मोहझरीत गावदेवाचे सारे त्याच्याकडे होते. कुणाचे घर कधी उभारायचे, बी कधी टाकायचे, ते तोच देवाला विचारून सांगे. अंगाने वाळका, बोलण्यात सावकाश, आणि अण्णाजींच्या अनुभवानुसार कोणत्याही प्रश्नाचे सरळ उत्तर देण्यास असमर्थ. त्याची बहीण भागाबाई शेजारी बसून द्रोणाला काडी टोचत होती. आपसात ती दोघे गोंडीत काहीतरी बोलली आणि हसली. हे हसणे आपल्यावर होते याबद्दल अण्णाजींना शंका नव्हती.

"पुनाजी, आता काय अडलं आहे?"

"काई नाई अडलं, मास्तर. देव यायचे होते."

"कुठून?"

"मोहझरीहून. मोहाच्या झाडावर टांगून ठेवले होते. पोरं गेलते आणायले, काल आले." बाभळीच्या फांदीला एक गाठोडे बांधलेले होते, अण्णाजींनी ते शिधा समजून सकाळी थोडे बाजूला सरकवले होते. हे आता बोलून दाखवण्यात अर्थ नव्हता. "देव येल्याबिगर धरतीले इचारता येत नाई. आज दिवस बुडता इचारतो."

विचारायचे म्हणजे काय, ते पुनाजीने सांगितले. जिथे राहायचे तिथली वीतभर जागा शेणाने सारवायची. तिच्यावर तांदळाचे तीन दाणे एकमेकांना टेकवून ठेवायचे आणि वर पळसाचा द्रोण पालथा घालायचा. सकाळी उघडून पाहायचे. दाणे टेकलेलेच असले तर धरती हो म्हणाली. सरकले, हरवले, तर नाही म्हणाली.

"आणि नाही म्हणाली तर?"

"त नाई."

"मग?"

"मंग दुसरीकडं इचारू."

"आणि परवा सकाळी ट्रॅक्टर येणार आहे, त्याचं?"

पुनाजीने यावर विचार केला. त्याने विचार केला हे अण्णाजींना स्पष्ट दिसले, आणि त्या विचारातून काहीही बाहेर आले नाही हेही दिसले.

"ट्रॅक्टर बी धरतीवरच चालते, मास्तर," भागाबाई काडी दातात धरून म्हणाली.

ज्या जागेचा उतार, माती आणि वारा यांची आपण पूर्ण तपासणी केली आहे, तिचा अखेरचा निकाल तीन तांदळांनी द्यावा, हे अण्णाजींना अपमानास्पद वाटले. पण त्याहून वाईट अशी एक गोष्ट त्यांना दिवस बुडताना, पुनाजीने वरच्या वावरात फक्कीच्या मधोमध द्रोण पालथा घातला तेव्हा, दिसली. द्रोणापासून हातभर अंतरावरून काळ्या मुंग्यांची रांग चालली होती. पुनाजीने ती पाहिली की नाही कोण जाणे. त्याने बरोबर आणलेल्या देवांच्या गाठोड्याला हात लावला, गोंडीत चार शब्द पुटपुटला आणि मागे वळून न बघता निघून गेला. सगळेच गेले. वळून पाहायचे नाही, असा नियम होता म्हणे.

अण्णाजींनी वळून पाहिले.

मुंगी दाणा नेते ती तिच्या पोटासाठी. जमिनीच्या होकाराशी किंवा नकाराशी तिचा संबंध नाही. म्हणजे मुंग्या हा या चाचणीतील दोष होता, आणि दोष दूर करणे हे प्रत्येक प्रयोग करणाऱ्याचे कर्तव्य असते. दाण्यांना हात लावायचा नव्हता. द्रोण उचलायचा नव्हता. नत्थूजींच्या कोठ्यात कपाशीवर मारायच्या बीएचसी पावडरचा डबा असतो, हे त्यांना माहीत होते. अंधार दाटायच्या आत ते परत आले आणि द्रोणाभोवती त्यांनी भुकटीचे एक नीटस, गोल कडे घातले. खाली फक्की पडलेलीच होती. पांढऱ्यावर पांढरे कुणाला दिसणार? कितीतरी दिवसांनी त्यांना शांत वाटले. रात्री ते पाठ टेकताच झोपले.

*

सकाळी सगळे वावरात होते. मोहझरीची माणसे एका बाजूला, इखारांचे घर दुसऱ्या बाजूला. नत्थूजी कमरेवर हात ठेवून, कोकिळा विमलाबाईच्या आडोशाला. पंचफुला एका कवेलूच्या ढिगावर टेकली होती. पुनाजीने गाठोड्याला नमस्कार केला, उकिडवा बसला आणि द्रोण उचलला.

तीन दाणे जसे ठेवले होते तसेच होते, एकमेकांना टेकलेले.

मोहझरीच्या बायकांत एक हलका आवाज उठला. अण्णाजींनी हातांची घडी घातली. "झालं तर मग," ते म्हणाले. "आता खुंट..."

पुनाजी उठला नाही. त्याने द्रोण नाकाशी नेला. मग खाली वाकून जमीन हुंगली. मग भागाबाईने हुंगली. तेव्हा अण्णाजींच्या लक्षात आले की पांढऱ्यावर पांढरे दिसत नाही हे खरे असले, तरी कपाशीच्या मुलखात जन्मलेल्या माणसाला तो उग्र, ओलसर, बुरशीसारखा वास दिसावा लागत नाही.

"दादा," नत्थूजी म्हणाले. "बीएचसी."

 कड्याच्या काठाशी मेलेल्या मुंग्यांची एक बारीक काळी किनार होती.

"मी दाण्यांना हात लावला नाही," अण्णाजी म्हणाले. "मी फक्त बाहेरचा अडथळा दूर केला. मुंग्या कुठेही असतात. त्यांचा तुमच्या देवाशी काही..."

"मास्तर." भागाबाई उभी राहिली. तिच्या तोंडात नेहमीची काडी नव्हती. "आमी धरतीले इचारलं होतं. तुमाले नाई इचारलं."

"मी तुमच्याचसाठी केलं!"

"हो न. आमच्यासाठीच त केलं धरण बी. आमच्यासाठीच त देल्लं टेकाड. सगळे आमच्यासाठीच करते, बाप्पा!"

पुनाजीने तिला हाताने थांबवले. तो रागावलेला नव्हता, थकलेला दिसत होता, आणि अण्णाजींना राग परवडला असता. "औषद मारलेल्या जागी आता इचारता येत नाई," तो म्हणाला. "तिचं तोंड बांधलं तुमी. ते काय बोलन?"

"अरे, पण जागा चांगली आहे! मी सांगतो ना, चांगली आहे!"

त्याच वेळी धुऱ्याच्या बांधापलीकडून ट्रॅक्टरचा आवाज आला. ओमप्रकाश एक दिवस आधीच आला होता. आज त्याचा ट्रॅक्टर रिकामा होता. तो ट्रॉली घेऊन वावराच्या तोंडाशी थांबला आणि इंजिन चालू ठेवूनच ओरडला, "नत्थूभाऊ, बसवू का?"

पंचफुला कवेलूच्या ढिगावरून उठली आणि तिने, कुणी सांगण्याआधीच, आपली वळकटी डोक्यावर घेतली. अण्णाजींना ते पाहवले नाही. तिला थांब म्हणावे असे वाटले, आणि कोणत्या अधिकाराने म्हणावे ते त्यांना सुचेना.

"बंद कर ते इंजिन," नत्थूजी म्हणाले.

"का गा?"

"बंद कर म्हणलं न!"

इंजिन बंद झाले. नत्थूजी भावाकडे वळले. त्यांचा चेहरा लाल झाला होता, आणि तो राग आजचा नव्हता हे विमलाबाईला अण्णाजींच्या आधी कळले. तिने पदर तोंडाशी नेला.

"माहं बी असंच केलं तुमी," नत्थूजी म्हणाले. "मले संत्रा लावाचा होता, तुमी कपाशी लावाले लावली. कारण माती तपासली होती तुमी. मले मॅट्रिकले परत बसाचं होतं, तुमी म्हणलं, नत्थूले शेतीच जमते. जमते बी, नाई असं नाई. पण दादा, मी कधी काही इचारलं, कोणाले बी, देवाले, का बापाले, त जवाब याच्या आधी तुमी तथी डबा घेऊन हजर. माह्या वाटच्या मुंग्या बी तुमीच मारल्या."

अण्णाजींना यावर बरेच काही बोलता आले असते. संत्र्याची बाग त्या मातीत टिकली नसती, हे सिद्ध करता आले असते. पण ते सिद्ध करून काय होणार, हे प्रथमच त्यांना ठरवता येईना.

"पुनाजी," नत्थूजी म्हणाले, "आज परत इचारा. या वावरात कुठंबी. धुऱ्याच्या काठानं माह्या कपाशीच्या पऱ्हाट्यांचा ढीग हाय, तथी बी इचारा. ढीग मी उचलतो. ओमप्रकाश, तू जा. उद्याच्याले लागला त सांगन, नाई लागला त नाई सांगन."

"अन् लगन?" कोकिळा थेट नवऱ्यालाच म्हणाली. इथे माठ नव्हता.

"मांडव वाड्यापुढच्या रस्त्यावर टाकू."

 "टाका," कोकिळा म्हणाली, आणि मग विमलाबाईच्या खांद्याला उद्देशून, पण सर्वांना ऐकू जाईल असे, "बाई, एक काम करा. कोठ्याची किल्ली तुमच्या कमरेले लावा."

*

संध्याकाळी अण्णाजींना वावरात जाण्याची बंदी होती. तसे कुणी म्हटले नव्हते. नत्थूजींनी त्यांच्यासाठी ओसरीवर खुर्ची आणून ठेवली होती, एवढेच. तिथून वरच्या वावराचा माथा दिसत होता. माणसे हलत होती. तीन ठिकाणी वाकली, तीन ठिकाणी सरळ झाली. तिन्ही ठिकाणे रेषांच्या बाहेर होती. मग माणसे परत फिरली, आणि एकानेही वळून पाहिले नाही.

"पऱ्हाट्यांच्या ढिगाजवळ उतार उलटा आहे," अण्णाजी म्हणाले. "पावसाचं पाणी थेट दारात येईल. विहीर लांब पडेल. आणि त्या ढिगाखाली वाळवी असणार. वाळवी असेल तिथे मुंग्या असतातच."

"असतीन," विमलाबाई म्हणाली.

"म्हणजे मी काहीच करायचं नाही?"

ती पायरीवर बसली होती. किल्ली खरोखरच तिच्या कमरेला होती. ती हात जोडून नव्हती, जप करत नव्हती. नुसती बसली होती.

"तू आत्ता प्रार्थना करते आहेस का?"

"हो."

"काही म्हणत तर नाहीस."

"म्हणून झालं कवाच. आता राह्यते ते बसणं."

"त्याचा उपयोग?"

"अजी," ती म्हणाली, आणि तिच्या आवाजात तीस वर्षांचा वैताग होता, प्रेमासकट, "देव हाय का नाई ते राहू द्या. मी तुमाले कधी मानाले लावलं का? पण तुमी देव नाई, एवढं त माना."

 वावराच्या माथ्यावरचा उजेड विझत गेला. मुंग्या तिथे निघाल्या असतील किंवा नसतील. ते कळण्याचा या खुर्चीवरून कोणताही मार्ग नव्हता, आणि असता तरी काही बदलण्याचा नव्हता. त्यांनी गुडघ्यांवर हात ठेवले. हातांना काम नसले की ते इतके जड असतात, याची त्यांनी कधी नोंद घेतली नव्हती. त्यांना बरे वाटले, असे म्हणता येणार नाही. शांतही वाटले नाही. पण ते उठले नाहीत.

सकाळी पहिला द्रोण उचलला. दाणे नव्हते. दुसऱ्याखाली एकच उरला होता, तोही कडेला. ओमप्रकाशचे घर इथून हाकेच्या अंतरावर होते, आणि नत्थूजी त्या दिशेला पाहत नव्हते. पुनाजी तिसऱ्या द्रोणाशी गेला. पऱ्हाट्यांचा ढीग होता तिथली जमीन, ओबडधोबड, उतार उलटा. एक काळी मुंगी द्रोणावरून चालत होती.

त्याने द्रोण उचलला.

तीन दाणे टेकलेले होते.

या वेळी बायकांत आवाज उठला नाही. भागाबाई खाली बसली आणि तिने जमिनीला हात लावून तो कपाळाला लावला. पंचफुला रडू लागली. नत्थूजींनी डोक्यावरचा शेला काढून तोंड पुसले. अण्णाजी दाण्यांकडे पाहत राहिले. मुंग्या का आल्या नाहीत याची निदान चार कारणे त्यांना तत्काळ सुचली, आणि कोणतेही तपासण्याची गरज वाटली नाही.

मग माणसे हलली. बांबू उचलून आणताना ती सरळ फक्कीच्या रेषांवरून चालत गेली, आणि थोड्याच वेळात त्या रेषा कुठे होत्या ते सांगणे कठीण झाले. पुनाजीने पहिल्या घराची जागा पायाने दाखवली. दार दक्षिणेच्या अंगाला येणार होते. अण्णाजींनी तोंड उघडले.

सगळ्यांनी त्यांच्याकडे पाहिले.

"दादाजी."

ते वळले. कोकिळा होती. पदर डोक्यावर होता, पण नजर सरळ त्यांच्यावर होती. लग्न होऊन या घरात आल्यापासून पहिल्यांदा. तिच्या हातात तासलेला खुंट होता.

"हा खुटा धरा," ती म्हणाली. "नुसता धरा. कुठं गाडाचा ते पुनाजी सांगन."

अण्णाजी उकिडवे बसले. पुनाजीने खुंटाचे टोक जमिनीवर टेकवले, एकदा गाठोड्याकडे पाहिले आणि घण उचलला. खुंट चांगला चार बोटे वाकडा होता. अण्णाजींनी तो दोन्ही हातांनी, तसाच, घट्ट धरला.